हात थकल्यानंतर : नांदेड-लातूरकडील श्रमिकांच्या वार्धक्याचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह, सनदा आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्यांवर अधिकाराने बोलणारे विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. मी नववीत शाळा सोडलेला आणि पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कचेरीत बसलेला मनुष्य आहे. माझ्या टेबलावर येणारे दप्तर निराळे. मस्टरचे उतारे, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या, वयाचे दाखले, हयातीचे दाखले! पण या कागदांतही एक इतिहास आहे. ज्याने जन्मभर हाताने काम केले त्याचा हात थकल्यावर तो आमच्या भागात कोठे राहिला, त्याला कोणी जेवू घातले आणि अखेरीस तो अंथरुणाला खिळल्यावर त्याचे कोणी केले, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे.

आपण 'म्हातारपण' हा शब्द एका अवस्थेचे नाव म्हणून वापरतो. कचेरीत बसून मला त्यात तीन अवस्था दिसल्या. पहिले चालते म्हातारपण. या वयात माणूस काठी न घेता बाजारात जातो, नातवाला शाळेत पोहोचवितो, सांगितले तर वखारीवर राखणही करतो. दुसरे बसते म्हातारपण. यात मनुष्य शुद्धीवर असतो, बोलतो, हिशेब विचारतो. पण पाण्याची बादली त्याला उचलत नाही, औषधाची वेळ ध्यानात राहत नाही, आंघोळीला कोणाचा तरी हात लागतो. तिसरे निजते म्हातारपण. त्याचे वर्णन करीत नाही. ज्यांच्या घरात ते होऊन गेले त्यांना सांगावयास नको, आणि इतरांना सांगून कळत नाही.

या तिन्ही अवस्थांची सोय एकाच आवारात करावी, म्हणजे अवस्था बदलली तरी माणसाला बिऱ्हाड बदलावे लागू नये, अशी एक कल्पना आहे. पुण्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून आपण पाहतो. त्यामुळे ही कल्पना इमारती बांधणाऱ्या मंडळींच्या डोक्यातून निघाली असे पुष्कळांना वाटते. परंतु ती फार जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० साली पॅरिसमध्ये जायबंदी आणि थकलेल्या सैनिकांसाठी 'अँव्हालीद' नावाचे प्रचंड निवासगृह स्थापण्याचा हुकूम काढला. तेथे हिंडत्याफिरत्या सैनिकांसाठी निजण्याच्या खोल्या होत्या, भोजनगृहे होती, हलके काम करणाऱ्यांसाठी कारखाने होते, आणि उठता न येणाऱ्यांसाठी रुग्णालयही होते. पण ती राजाची मेहेरबानी होती आणि लढाईत कामी आलेल्यांपुरतीच होती.

माझ्यासारख्याला अधिक जवळचे वाटणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कामगारांची जुनी संघटना होती. शिशाची धूळ, कोंदट खोल्या आणि रात्रपाळी यांमुळे या धंद्यात क्षयाने माणसे फार मरत. १८८६ साली दोन धनिकांनी या संघटनेला १० हजार डॉलर दिले. संघटनेने ती रक्कम वाटून टाकली नाही. सभासदांनी आपल्या मजुरीतून तीत भर घातली, कोलोरॅडो स्प्रिंग्ज या हवेशीर गावाने ८० एकर जमीन दिली आणि १८९२ च्या मे महिन्यात तेथे 'युनियन प्रिंटर्स होम' उघडले. वृद्ध मुद्रक मुख्य इमारतीत राहत, आजाऱ्यांसाठी निराळे रुग्णालय होते, क्षयरोग्यांसाठी मोकळ्या हवेत तंबूवजा खोल्या होत्या. म्हणजे चालता आला, बसता झाला, निजता झाला, तरी तो त्याच फाटकाच्या आत राहिला. खर्च सभासदांच्या वर्गणीतून होत असल्यामुळे तेथे राहणारा कोणाचा आश्रित नव्हता. पुढे खिळे गेले, यंत्रे बदलली, वर्गणीदार आटले, संघटना १९८७ साली दुसऱ्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. ते गृह पुढे सर्वसाधारण शुश्रूषागृह म्हणून चालले आणि २०२० साली बंद पडले. धंद्याच्या जिवावर उभारलेली सोय धंदा संपल्यावर कशी टिकवावी, हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. आपणापुढे तो नांदेडच्या गिरणीच्या वेळी आला. त्याकडे मी येतोच.

आधी आपली मोगलाई पाहू. निजामाच्या राज्यात सरकारी नोकराला निवृत्तीनंतर 'वजीफा' मिळे. 'हुस्ने खिदमत', म्हणजे चांगल्या सेवेचा, असे त्याचे नाव. तहसीलचा पेशकार, पोलीस जमादार, शाळेतला मुदर्रिस या मंडळींचे म्हातारपण त्यावर निघे. बाकीच्यांचा, म्हणजे कुळांचा, सालगड्यांचा, हमालांचा, विणकरांचा वजीफा म्हणजे त्यांचा मुलगा! सालगड्याचा मुलगा त्याच वाड्यात सालाने राही आणि बापाला भाकरी मिळे. एक गोष्ट मात्र येथे ध्यानात ठेवली पाहिजे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली दिसतो हे खरे; तथापि श्रमिकांत साठी ओलांडणारा मनुष्य त्या काळी विरळाच. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात १० कोटींहून अधिक निघाली. आपले आजोबा-पणजोबा वडीलधाऱ्यांना फार मानीत आणि आताची पिढी मानीत नाही, असे जे नेहमी सांगितले जाते ते मला पटत नाही. त्यांना सांभाळावे लागणारे म्हातारे थोडे होते आणि तेही अंथरुणावर थोडेच दिवस टिकत.

आणि जे टिकत त्यांचे करणारी व्यक्ती कोण? घरातील सून. जुन्या एकत्र कुटुंबाची थोरवी सांगताना आपण हे नाव घेण्याचे विसरतो. सासऱ्याचे अंथरूण, सासूची आंघोळ, धुणे, भरविणे ही सगळी कामे तिच्या अंगावर. त्याला ना पाळी, ना सुटी. संघटनेच्या भाषेत बोलावयाचे तर तिचे नाव कोणत्याच मस्टरवर नव्हते.

जो निराधार असे तो देवाच्या दारी जाई. नांदेडकरांना हे सांगण्याची जरूर नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी येथे समाप्त झाले आणि तेव्हापासून हे गाव देशभरच्या शीख बांधवांचे तीर्थ झाले. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्याची जात, धर्म वा गाव कोणी विचारीत नाही. गोदाकाठच्या या गावात दर्गे आहेत, मठ आहेत, घाट आहेत. पोराने घराबाहेर काढलेला वा पोरच नसलेला कितीतरी म्हाताऱ्या मजुरांचा दिवस या दारांवर निभावला. या दारांचे उपकार मी कमी लेखीत नाही. परंतु पंगतीला बसावयाचे तर पंगतीपर्यंत चालत जावे लागते.

आता गिरणीकडे येऊ. १९२० च्या दशकात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली आणि मराठवाड्याच्या या भागात प्रथमच भोंग्यावर चालणारा मोठा कामगारवर्ग जन्माला आला. गावे सोडून माणसे आली, गिरणीच्या आसपास वस्त्या झाल्या. शेतकऱ्याचे म्हातारपण हळूहळू येते, गिरणी कामगाराचे एका तारखेला येते. त्या तारखेनंतर त्याला गेटवर कोणी ओळखत नाही. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात सामील झाले आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९५२ साली, कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला. पहिल्याने तो ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड गिरण्या होत्या. कामगाराच्या हाती निवृत्तीच्या दिवशी एक रक्कम पडू लागली, ही आमच्या भागातील फार मोठी घटना होय. १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आली, १९७२ साली उपदानाचा कायदा झाला, १९७४ साली आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि उस्मानशाही सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. कागदावर पाहिले तर पंचवीस वर्षांत कामगाराचे वार्धक्य चोहोबाजूंनी बांधून झाले होते.

प्रत्यक्षात काय झाले? गिरणीलाच घरघर लागली. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरून घेतले गेले आणि भोंगा बंद पडला. त्या वेळी जे कामगार बाहेर पडले त्यांपैकी पुष्कळजण पन्नाशीच्या आतबाहेरचे होते. मिळालेली रक्कम कोठे गेली हे मी घरोघर पाहिले आहे. मुलीचे लग्न, मुलासाठी रिक्षा, घरावर पत्रे, आणि उरलेले दवाखान्यात. कार्डिंग खात्यात ज्यांनी वर्षे काढली त्यांच्या छातीत कापसाची धूळ गेलेली. साठीच्या आधीच त्यांना जिना चढवत नसे. त्यांचे बसते म्हातारपण चालत्या म्हातारपणाला गिळून आले, असे म्हणावयास हरकत नाही.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिचे गणित श्रोत्यांनी एकदा स्वतः करून पाहावे. शेवटचा सरासरी पगार, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे आणि सत्तरने भागावयाचे. पगारालाही मर्यादा; २००१ पासून कित्येक वर्षे ती दरमहा ६,५०० रुपयांची होती. दहा वर्षे नोकरी झालेल्याचे निवृत्तिवेतन यावरून महिन्याला ९२९ रुपये निघते. कित्येकांचे याहूनही कमी निघाले. म्हणून २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान १,००० रुपये ठरविण्यात आले. दिवसाचे तेहतीस रुपये! गिरणीच्या मनुष्याला निदान हे तेहतीस मिळाले. लातूरकडे तेही नव्हते.

लातूरचा कामगार गिरणीचा नव्हे, अडतीचा. डाळीच्या गिरण्या, तेलाचे घाणे, आणि तूर, हरभरा, पुढे सोयाबीन यांनी भरलेली बाजारपेठ. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सुरुवातीला पन्नास वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच होता. १९६० च्या अखेरीस तो वीसांवर आणला गेला. म्हणून मस्टरवर एकोणीस नावे ठेवण्याची विद्या धंद्यात जन्मली. मी एका डाळ गिरणीत हजेरी घेताना अंगणात चौतीस माणसे मोजली आहेत आणि मस्टर मागितल्यावर सतरा नावे वाचली आहेत. नाव सांगत नाही. ते एकट्या त्या मालकाचे वैशिष्ट्य नव्हते.

हमालाचे याहून अवघड. त्याला मालकच नाही. आज या अडतीवर, उद्या त्या. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस पंचेचाळिशीत वाकतो. त्याच्यासाठी १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. देशात त्या प्रकारचा तो पहिलाच म्हणता येईल. हमालांच्या मजुरीवर व्यापाऱ्याने लेव्ही भरावी, ती मंडळाकडे जमा व्हावी आणि तीतून त्याला निधी, उपदान, रजा मिळावी, अशी ती योजना. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभे केले, त्यांच्या चळवळीचे हे फळ होते. आमच्याकडे ते उशिरा व तुकड्यातुकड्यांनी पोहोचले. ज्यांची नोंद झाली ते निभावले. ज्यांची झाली नाही त्यांच्यासाठी सरकारी अनुदान : १९८० ची संजय गांधी निराधार योजना, पुढे श्रावणबाळ योजना, आणि १९९५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्राची वृद्धापकाळ योजना. केंद्राचा हिस्सा आरंभी महिना ७५ रुपये होता. राज्याने निराधार व श्रावणबाळ योजनांची रक्कम २०२३ साली दीड हजार केली.

येथे एक बारीकशी गोष्ट सांगतो. अनुदान आता बँकेत येते आणि ते काढावयास यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. चाळीस वर्षे तागाची पोती ओढून हमालाच्या बोटांवरच्या रेषा पुसलेल्या असतात. यंत्र म्हणते, हा तो मनुष्य नव्हे. ज्या कष्टामुळे तो अनुदानास पात्र झाला त्याच कष्टाने त्याची ओळख खाल्ली. कचेरीतून त्याला चिठ्ठी देऊन आम्ही पाठवितो. कधी काम होते, कधी तो तीन हेलपाटे घालतो. आणि हेलपाटे घालण्याइतके पाय ज्याला नाहीत तो मुळात चिठ्ठी न्यावयासच येत नाही.

आतापर्यंत पैशाचे बोललो. परंतु वार्धक्य पैशाइतकेच घराच्या बांधणीवर अवलंबून असते, हे लातूर जिल्ह्याला १९९३ साली फार भयंकर रीतीने कळले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून माणसे परतून निजली होती तेव्हा, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात थंड असलेली हीच घरे माणसांची थडगी झाली.

लातूर आणि उस्मानाबाद मिळून बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फुटांचे घर, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५० असा हिशेब होता. घरे भूकंपाला टिकतील अशी होती, आणि ज्यांनी त्या मोडलेल्या गावांत दिवस काढले त्यांनी त्यांचे मोल जाणले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु नकाशा आखणाऱ्यांनी रस्ते सरळ व रुंद काढले, घरे ओळीने मांडली, आणि जुन्या गावात जे होते ते काही त्यात आले नाही.

काय होते जुन्या गावात? ढाळज होती. वाड्याच्या दारातून आत शिरले की दोन्ही बाजूंना बसण्याउठण्याची सावलीची जागा. घरातला म्हातारा तेथे पडून राही. येणाराजाणारा त्याच्याशी बोलल्यावाचून आत जाऊ शकत नसे. गल्ली अरुंद, म्हणून समोरच्या घरातली बाई आपल्या उंबऱ्यावरून विचारी, 'मामा, पाणी देऊ का?' पार जवळ, देऊळ जवळ, भाऊबंद एकाच आळीत. या सगळ्याला कोणी 'सोय' म्हणत नव्हते. परंतु बसत्या म्हातारपणाची ती फुकट पाळत होती. नव्या गावात धाकट्या भावाचे घर कोठे पडले, थोरल्याचे कोठे. अडीचशे फुटांत तरुण जोडपे, पोरे आणि म्हातारा मावेनात, म्हणून कित्येकांनी पुढे पत्र्याचे शेड ओढले आणि म्हाताऱ्याची खाट तेथे टाकली. मराठवाड्याच्या वैशाखात पत्र्याखाली दुपार काढणे म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहे. ज्या परदेशी वसाहतींचा मी वर उल्लेख केला त्यांचे नकाशे करताना म्हाताऱ्याच्या खोलीपासून भोजनगृहापर्यंत किती पावले, याचा विचार होतो. आमच्याकडे हा विचार अडाणी गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला होता, आणि इंजिनिअरांच्या नकाशात तो राहून गेला. ढाळजेसह भूकंपाला टिकणारे घर बांधता आले नसते काय?

आता कोयत्याकडे वळतो. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर संसार बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे निघावयाचे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतले तांडे आणि वाड्या हिवाळ्यात पाहाव्यात. तरुण मनुष्य दिसत नाही. मागे राहतात म्हातारे आणि शाळेत जाणारी पोरे. पोरांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना निघाली, ती चांगली आहे. म्हाताऱ्यांसाठी काही निघाले नाही. उलट पोरांचे करण्यासाठीच त्यांना मागे ठेवले जाते. चालते म्हातारे बसत्यांना पाणी आणून देतात, बसते निजत्यांजवळ बसून राहतात. वृद्धांची वसाहत म्हणतात ती हीच, फक्त तिच्यात व्यवस्थापक नाही, परिचारिका नाही आणि वर्गणीही नाही. वर्षातले पाच-सहा महिने अशा किती वसाहती आपल्या दोन जिल्ह्यांत आपोआप तयार होतात याची मोजदाद मी कोठे पाहिली नाही. हंगामात तांड्यावर मयत झाली तर मुलाला निरोप जातो, मुकादम म्हणतो उचल फिटली नाही, आणि मुलगा तिसऱ्याला पोहोचतो.

सरकारने वृद्धांच्या निवासाकडे पाहिलेच नाही असे नव्हे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकातच अनाथ-पंगूंचे गृह निघाले. आज 'निवारा' म्हणून ओळखली जाणारी ती संस्था महाराष्ट्रातील या कामाची वडीलधारी होय. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली शासनाने वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना काढली; पुरुषांना साठ आणि स्त्रियांना पंचावन्न वर्षांनंतर प्रवेश. १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. जिल्ह्याजिल्ह्यांत शंभर वृद्धांची सोय व्हावी, ऐपतदारांनी शुल्क भरावे, गरिबांना विनामूल्य ठेवावे, अशी कल्पना. मग २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा केंद्रीय कायदा झाला. मुलगा पाहत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी निवास उभारण्याचे आहे. परंतु कायदा वाचण्याची आम्हा संघटनावाल्यांची एक खोड आहे. आम्ही आधी क्रियापद पाहतो. तेथे 'उभारील' असे नाही, 'उभारू शकेल' असे आहे.

या आश्रमांतून चांगली माणसे काम करतात, हे मी पाहिले आहे. तथापि बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या अर्जात एक अट असते : अर्जदार स्वतःची कामे स्वतः करू शकणारा असावा, त्यास दुर्धर रोग नसावा. संचालकांचा यात दोष नाही. दहा लोकांमागे एक स्वयंपाकीण आणि एक शिपाई एवढ्यावर चाललेली संस्था निजत्या माणसाला कोठून सांभाळणार? तेव्हा आश्रमात धडधाकट गेलेला वृद्ध पडला की नातेवाईकाला निरोप जातो, आणि नातेवाईक नाही म्हणूनच तर तो तेथे गेलेला असतो! एसटीत पासष्टीनंतर अर्धे तिकीट आहे, २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत झाला. बागेत बाके आली, ज्येष्ठ नागरिक संघ निघाले. हे सगळे स्वागतार्ह आहे आणि हे सगळे चालत्या म्हातारपणासाठी आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभे राहता येणारे म्हातारे आपल्याला दिसले. न येणारे घरात होते.

तिन्ही पायऱ्या एका आवारात देणाऱ्या वसाहतींपैकी पुण्याची 'अथश्री' प्रसिद्ध आहे. नेरळला डिग्निटी फाउंडेशनने वसविलेल्या वसाहतीत स्मृतिभ्रंश झालेल्यांचीही सोय आहे. ही कामे नीटनेटकी आहेत, पण तेथे राहावयाचे तर आधी घराचे वा ठेवीचे पैसे हवेत. श्रमिकांच्या दृष्टीने मला वरोऱ्याचे आनंदवन अधिक बोलके वाटते. १९४९ साली बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसह ते वसविले. ज्यांनी तेथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले ती माणसे पुढे म्हातारी झाली. त्यांची सोय तेथेच झाली. कोलोरॅडोच्या मुद्रकांप्रमाणे येथेही निवासाचा हक्क श्रमातून आलेला होता.

आपल्याकडे असे का झाले नाही? जमीन नव्हती असे म्हणवत नाही. गिरण्यांची आवारे शहरांच्या मध्यावर पडून राहिलेली आपण पाहिली. पैसा नव्हता असेही नाही. लेव्हीचे व निधीचे पैसे वर्षानुवर्षे जमा होत आले. माझ्या मते कारण निराळे आहे. पाळी आणि पगार हे संघटनेचे विषय, आणि निजत्या माणसाचे करणे हा घरातल्या बाईचा विषय, अशी वाटणी आम्ही गृहीत धरली. आम्ही आठ तासांच्या दिवसासाठी गेटवर सभा घेत होतो तेव्हा आमच्याच घरात चोवीस तासांची पाळी चालू होती.

त्या पाळीचा हिशेब मांडून पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. दिवसरात्रीत बारा वेळा. भरविणे, पुसणे, कपडे बदलणे निराळे. कारखान्याच्या नियमाने हे काम तीन पाळ्यांचे आहे आणि साप्ताहिक सुटीसाठी चौथे माणूस बदली लागेल. घरात ते एका सुनेने केले. आता सूनही शाळेत, दुकानात वा दवाखान्यात नोकरीला जाते. ज्यांना परवडते ते घरी 'मावशी' ठेवतात. नांदेडच्या दवाखान्यांच्या रस्त्यावर आणि लातूरच्या शिकवण्यांच्या वस्तीत सकाळी आठला आणि रात्री आठला या बायकांची ये-जा पाहावी. बारा तासांची पाळी, रोजंदारी एजंटामार्फत, निधी नाही, उपदान नाही, रजा घेतली की जागा गेली. त्यांतल्या पुष्कळजणी तांड्यावरून आलेल्या आहेत, काही गिरणी कामगारांच्या सुना आहेत.

गेल्या वर्षापासून आम्ही त्यांची नावे एका वहीत लिहून घेऊ लागलो आहोत. नाव, गाव, वय, किती वर्षे हे काम. एकीने आपले वय बासष्ट सांगितले. ती ज्या बाईची कूस बदलते ती तिच्याहून चार वर्षांनी लहान आहे. मी विचारले, 'आक्का, तुमच्या घरी कोण?' ती म्हणाली, 'लेक अन्‌ सून कोयत्यावर हैत. मार्चात येतील.' वहीत शेवटचा रकाना आम्ही 'वारस' म्हणून आखला होता. तिने त्यात नातवाचे नाव घालावयास सांगितले. तो मुखेडला सहावीत आहे.